अण्णांची पोटरी गिरणीपाशीच का दुखते? (पाय दुखण्याचं कारण सापडत नाही तेव्हा)

उंबरठा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझे वडील, अण्णा, वय ६७. कराडला असतात. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर रोज सकाळी सहाला चालायला बाहेर पडतात. गेले चार-पाच महिने उजवा पाय दुखतो म्हणतात. गुडघ्याचं असेल म्हणून हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे काढला, 'वयानुसार झीज' असं सांगितलं. कॅल्शियम झालं, डी जीवनसत्त्वाच्या पुड्या झाल्या, बी १२ ची इंजेक्शनं झाली, गुडघ्याचा पट्टा झाला. आई रोज रात्री तिळाचं तेल कोमट करून चोळते. काकूंनी निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला, तोही बांधला. फरक शून्य.

दिवाळीला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर चालायला गेले. घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत अगदी व्यवस्थित. गिरणीपाशी थांबले, गिरणीवाल्या काकांशी ज्वारीच्या भावाबद्दल दोन मिनिटं बोलले. पुन्हा निघालो. देवळाच्या वळणावर पुन्हा थांबले. तिथे बोलायला कुणी नव्हतं, तर खांबावर चिकटवलेली नळपट्टीची नोटीस वाचत उभे राहिले. चष्मा घरी होता.

आईला विचारलं तर म्हणाली, रोज याच दोन जागी थांबतात.

हे काय असू शकतं? कुणाला दाखवावं?

---

रानमेवा | सोमवार, रात्री ९.५८

नोटिशीचं वाचून पोटात कालवलं. माझे बाबाही असेच लपवायचे. कुणाला दाखवायचं ते इथले जाणकार सांगतीलच, पण दाखवा नक्की.

---

कोरडवाहू | सोमवार, रात्री १०.१२

ताई, ६७ वय आहे. ३१ वर्षं क्लच दाबलाय त्या माणसानं. पाय दुखणारच. आमच्या वडिलांचे पाय दोन वर्षं दुखत होते, सकाळ-संध्याकाळ तेल लावून आणि मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बरे झाले. लगेच तपासण्यांच्या मागे लागू नका, चार-पाच हजार सहज जातात आणि रिपोर्ट नॉर्मल येतात.

---

घाटमाथा | सोमवार, रात्री १०.३०

@उंबरठा, दोन प्रश्न. एक, दुखतं नेमकं कुठे? गुडघा, पोटरी की मांडी? दुसरा, थांबल्यावर बरं वाटायला बसावं लागतं का, की नुसतं उभं राहिलं तरी थांबतं?

विचारण्याचं कारण माझी आई. तिलाही चालताना पाय भरून यायचे, मुंग्या यायच्या. पण नुसतं उभं राहून काहीच उपयोग व्हायचा नाही. बसली की किंवा पुढे वाकली की बरं. भाजी आणायला गेली की हातगाडीवर कोपर टेकून वाकून उभी राहायची. पायात काही नव्हतंच, कमरेच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद झाली होती. एमआरआयमध्ये कळलं. तोवर आम्ही दीड वर्ष गुडघ्यालाच मलम चोळत होतो.

---

उंबरठा | सोमवार, रात्री १०.४१

@घाटमाथा, आत्ताच फोन केला. पोटरीत, मागच्या बाजूला. आवळल्यासारखं होतं म्हणाले. आणि उभं राहिलं तरी थांबतं, बसावं लागत नाही. बसलेले असताना किंवा रात्री झोपेत काही त्रास नाही. फोन ठेवताना म्हणाले, "तुला कुणी सांगितलं मी थांबतो म्हणून?"

---

दुपारची_ओपीडी | सोमवार, रात्री ११.२०

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेली गोष्ट इतकी बोलकी आहे की गप्प राहवत नाही.

ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते, उभं राहिलं की दोन-पाच मिनिटांत सुटते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा आवळते. हे ऐकलं की आम्ही सगळ्यात आधी पायाच्या रोहिण्यांचा विचार करतो. पायाला रक्त नेणाऱ्या रोहिण्यांत चरबी साठून वाट अरुंद होते. बसून असताना तेवढं रक्त पुरतं. चालताना स्नायूला जास्त लागतं आणि ते मिळत नाही, म्हणून तो ओरडतो. गुडघ्याच्या एक्स-रेत हे दिसत नाही, कारण दोष हाडात नाहीच.

कारणं तीच, जी हृदयविकाराची: बिडी-सिगारेट, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल. त्यामुळे पायात अडथळा सापडला तर हृदयाची तपासणीही करावी लागते. खरं सांगायचं तर पायापेक्षा मला त्याचीच काळजी जास्त असते.

आत्ता घरी काय बघाल? दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. एक जास्त थंड आहे का? नडगीवरचे केस एका पायाचे गेलेत का, कातडी चकचकीत झालीय का? बोटांच्या बेचक्यात, टाचेला न भरणारी जखम आहे का? पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी लागते, तीही डॉक्टरांना तपासू द्या. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही जन्मतःच लागत नाही, त्यामुळे घरी सापडली नाही म्हणून घाबरू नका.

तपासणी साधी आहे. दंडाचं बीपी घेतात तसंच घोट्याचं घेतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. उत्तर ०.९ च्या खाली आलं तर अडथळा आहे असं धरतात. ना सुई, ना दुखणं. जुन्या मधुमेह्यांत रोहिण्या कडक झालेल्या असतात, तिथे हा आकडा फसवा, जास्त येऊ शकतो. त्यांना पुढच्या तपासण्या लागतात.

आणि एक विचारा. अण्णा बिडी ओढायचे का?

---

उंबरठा | सोमवार, रात्री ११.३१

ओढायचे. निवृत्तीला सोडली असं सांगतात.

---

सायसाखर | मंगळवार, सकाळी ७.०५

थोडं अवांतर. माझ्या मुलाचे, वय ६, आठवड्यातून दोन-तीनदा रात्री पाय दुखतात. रडून उठतो, पाय चेपून दिले की झोपतो, सकाळी अंगणात उड्या मारत असतो. सासूबाई म्हणतात वाढीचं दुखणं आहे. तसं खरंच असतं का?

---

दुपारची_ओपीडी | मंगळवार, सकाळी ८.१०

@सायसाखर, असतं. दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री, चेपलेलं आवडतं, सकाळी काही नाही, लंगडत नाही. असं असेल तर सासूबाई बरोबर आहेत.

पण नेहमी एकच पाय आणि एकच जागा, हात लावू देत नाही, सकाळीही लंगडतो, सांधा सुजलाय, ताप येतो, वजन घटतंय, चेहरा पांढरा पडलाय, अंगावर निळे डाग उठतात, यातलं एक जरी असलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवातसुद्धा कधी कधी हाडं दुखण्यानेच होते. क्वचित होतं हे, पण चुकवायचं नसतं.

---

लांबचा_किनारा | मंगळवार, सकाळी ८.४५

न्यूजर्सीहून लिहितोय. 'नुसतं तेल चोळा' वाचून राहवलं नाही.

सासूबाई मुंबईहून इथे आल्या. सोळा तासांचं विमान, खिडकीची जागा. शेजारच्यांना उठवायचं कसं म्हणून एकदाच उठल्या, पाणीही बेताचंच प्यायल्या. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली. आम्हाला वाटलं प्रवासाचा शीण. बायकोने चांगलं रगडून चोळून दिलं. दुसऱ्या दिवशी पायातला मोजा उतरवताना दिसलं की डाव्या पायावर मोज्याचा वळ खोल उमटलाय, उजव्यावर नाही. हात लावला तर डावी पोटरी गरम. तासाभराने जिना चढताना त्यांना धाप लागली आणि आम्ही सरळ इमर्जन्सीत गेलो.

शिरेत रक्ताची गुठळी होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला होता. वाचल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं एक वाक्य मी सगळ्यांना सांगत असतो: एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर तिला चोळायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं.

---

निळी_शाई | मंगळवार, सकाळी ९.१५

+१. मी डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) विभागात तंत्रज्ञ आहे. दोन्ही पोटऱ्या टेपने मोजा, गुडघ्याच्या वाटीखाली नडगीला जो उंचवटा असतो तिथून १० सेंटीमीटर खाली. दोन पायांत ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ती गंभीर खूण मानतात. फरक कमी आला तरी निर्धास्त होऊ नका, बाकीची लक्षणं असतील तर डॉपलर करून घ्या.

गुठळीचा धोका कधी वाढतो: लांबचा प्रवास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, प्लास्टर, अंथरुणाला खिळणं, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे आठवडे, कर्करोग, गर्भनिरोधक गोळ्या. पूजेसाठी, लग्नासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मुली मेडिकलमधून परस्पर आणतात. त्याही हार्मोनच्याच गोळ्या आहेत. घरात कुणाला आधी गुठळी झालेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका, आणि गोळ्या चालू असताना पाय दुखला तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आई समोर बसलेली असते म्हणून मुली सांगत नाहीत, हे मी रोज बघते.

---

कोरडवाहू | मंगळवार, सकाळी १०.००

मला हे माहीत नव्हतं. वर लिहिलेलं पूर्ण मागे घेत नाही, दिवसभर रानात राबून दोन्ही पाय दुखतात त्याला तेलच चांगलं. पण एका पायाला सूज असली तर चोळायचं नाही, हे घरी सांगून ठेवतो.

---

माडाबनी | मंगळवार, सकाळी ११.२०

आमच्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात ताप आणि पोटऱ्यांचं दुखणं एकत्र आलं की आशाताई पहिला प्रश्न विचारते, "लावणीला गेला होतास काय?" लेप्टो. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून चिखलात उतरतो आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतो. गेल्या वर्षी माझ्या भावाला झाला. पोटऱ्यांना बोट लावू देईना, डोळे लाल. दोन दिवस तापाच्या गोळ्यांवर काढले, तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली तेव्हा हलवला. वेळेत उपचार मिळाले म्हणून मूत्रपिंडं वाचली.

---

वाफाळता_चहा | मंगळवार, दुपारी १२.०५

मुंबईत २००५ च्या २६ जुलैनंतरही लेप्टोने माणसं गेली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि आम्ही सगळे कमरेएवढ्या पाण्यातून घरी आलो होतो. आता दर पावसाळ्यात पालिका सांगते की तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रतिबंधक गोळी घ्या. पायाला जखम असेल तर नक्कीच.

---

मुठाकाठ | मंगळवार, दुपारी १.३०

पायदुखीचा विषय निघालाय आणि मी पुण्यातल्या धायरीचा, तर २०२५ चा जानेवारी आठवणारच. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, आमचा सगळा पट्टा. दूषित पाण्यातून जुलाब आणि त्यामागोमाग गुइलेन-बॅरे, म्हणजे जीबीएस, हा नसांचा आजार. दोनशेहून जास्त रुग्ण झाले. आमच्या मजल्यावरच्या दादाला जुलाब थांबल्यावर आठवड्याने पावलांना मुंग्या आणि कंबर-पाय दुखायला लागले. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे. दुसऱ्या दिवशी त्याला पायातली चप्पल सुटलेली कळेना. तिसऱ्या दिवशी जिन्यावर कठड्याला धरून बसला, उठताच येईना.

दोन्ही पायांतली ताकद तासातासाने कमी होत वर चढत असेल तर थांबू नका. श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेलं तर व्हेंटिलेटर लागतो. तो आता चालतो, पण सहा महिने गेले.

---

घाटमाथा | मंगळवार, दुपारी २.१०

यात कमरेचंही एक घाला. सायटिका पुष्कळांना होते आणि बऱ्याच जणांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते. पण पाठ-पाय दुखताना लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे वाटले, तर ती त्याच दिवसाची इमर्जन्सी. आईच्या सर्जननी आम्हाला हे कागदावर लिहून दिलं होतं आणि तो कागद फ्रिजला लावला होता.

---

धावपट्टी | मंगळवार, सायंकाळी ६.४०

मी पोलीस भरतीच्या पोरांना सराव देतो. १६०० मीटरसाठी पोरं महिनाभर आधी उठतात आणि डांबरी रस्त्यावर रोज दोन वेळा धावतात, तेही झिजलेल्या बुटांवर. नडगी दुखायला लागली की पट्टी बांधून पुन्हा धावतात. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवलं आणि तिथेच कळ आली, आणि चालतानाही दुखायला लागलं, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो एक्स-रेत दिसतही नाही. माझा एक पोरगा 'एक्स-रे नॉर्मल आहे सर' म्हणून धावला आणि मैदानावरच हाड मोडलं. भरती तर गेलीच, पुढची पण गेली. त्या दिवशी मी त्याला थांबवायला हवं होतं.

---

रानमेवा | मंगळवार, रात्री ८.००

@दुपारची_ओपीडी, माझ्या पावलांना रात्री आग होते, दोन्ही. पंख्याखाली उघडी टाकून झोपते. मधुमेह नऊ वर्षं, मेटफॉर्मिन चालू, शाकाहारी. बी १२ सहन होत नाही म्हणून बंद केलं.

---

दुपारची_ओपीडी | मंगळवार, रात्री १०.५०

@रानमेवा, दोन्ही पावलांना सारखी आग, मुंग्या, मोजे घातल्यासारखी बधिरता, हे नसांचं दुखणं वाटतं. तुमच्या बाबतीत तीन धागे एकत्र येतात: साखर, शाकाहार, आणि मेटफॉर्मिन, जे वर्षानुवर्षं घेतल्यावर बी १२ कमी करू शकतं. तीन महिन्यांची साखर आणि बी १२ दोन्ही तपासा. काय सहन होत नाही ते डॉक्टरांना सांगा, पर्याय आहेत. आणि बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी कधीही लावू नका. भाजलेलं सकाळी कळतं.

वर उंबरठाताईंनी डीच्या पुड्यांचं लिहिलंय, त्यावरूनही सांगतो. ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच द्यायची असते. माझ्याकडे एक आजी रोज एक याप्रमाणे तीन महिने घेऊन आल्या होत्या. उलट्या, बद्धकोष्ठता, बरळणं. रक्तातलं कॅल्शियम भयंकर वाढलं होतं.

---

उंबरठा | पुढचा सोमवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी अण्णांना साताऱ्याला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी पायाला हात लावला. इतक्या महिन्यांत हे कुणी केलंच नव्हतं, सगळे फिल्म बघत होते. डावी नाडी लागली, उजवी नाही. उजव्या पायाचा आकडा ०.६२ आला, डाव्याचा ०.९४. डॉपलरमध्ये उजव्या मांडीतल्या रोहिणीत अडथळा दिसला. तीन महिन्यांची साखर ७.९. मधुमेह आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. हृदयाची तपासणी सांगितली, ती उद्या.

मला बाहेर बसवून डॉक्टरांनी बिडीचं विचारलं. दिवसाला चार. गिरणीच्या मागे.

सध्या ऑपरेशन नको म्हणाले. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, साखरेची गोळी, बिडी पूर्ण बंद, आणि चालणं! मला वाटलं होतं आता चालायचं बंद करतील. उलट, दुखायला लागेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, कमीत कमी तीन महिने. आणि ताकीद दिली की बसल्या जागी दुखायला लागलं, रात्री पाय खाटेखाली लोंबवल्याशिवाय झोप येईना, किंवा बोटाला जखम झाली तर वाट बघायची नाही. पाय अचानक थंडगार, पांढरा पडला तर तासांत पोचायचं, १०८ ला फोन करून.

---

सायसाखर | सोमवार, रात्री ९.४०

कोलेस्टेरॉलच्या गोळीने माझ्या आत्याच्या मांड्या इतक्या दुखायच्या की जिना चढवेना. अण्णांना देऊच नका.

---

दुपारची_ओपीडी | सोमवार, रात्री ११.०५

असं परस्पर बंद नका करू, कृपा करून. या गोळीने काहींना दोन्ही मांड्यांत, दंडांत जडपणा येतो हे खरं आहे. तसं झालं तर डॉक्टर रक्तातला स्नायूंचा एन्झाइम तपासतात, थायरॉइड बघतात, मात्रा कमी करतात किंवा गोळी बदलतात. लघवी चहासारखी काळपट झाली तर तातडीने दाखवा. पण अण्णांच्या आजारात ती गोळी नुसत्या पायासाठी नाही, हृदय आणि मेंदू वाचवण्यासाठी आहे.

---

उंबरठा | अकरा आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०.२०

धागा वर काढतेय. हृदयाची तपासणी ठीक आली. आज अण्णांचा फोन होता. गिरणी ओलांडली, देऊळ ओलांडलं, पाण्याच्या टाकीपाशी थांबले. बिडी सुटून ७४ दिवस झाले, कॅलेंडरवर आई रोज खूण करते. आता थांबले की गिरणीवाल्या काकांना सरळ सांगतात, "पाय भरलाय, दोन मिनिटं उभा राहतो."

---

नवा_सदस्य | रविवार, रात्री १०.५५

आज हा धागा शोधताना सापडला. आईच्या डाव्या पायाचं प्लास्टर आठ दिवसांपूर्वी काढलंय. कालपासून पोटरी दुखतेय. वर लिहिल्याप्रमाणे आत्ता टेपने मोजलं, डावी ३८, उजवी ३४. गरम लागतेय. धाप वगैरे नाही. प्लास्टर निघाल्यावर सूज येते असं शेजारी म्हणतात. सकाळी ओपीडीत नेलं तर चालेल का?

---

निळी_शाई | रविवार, रात्री १०.५८

सकाळी नको. आत्ता. चोळू नका, चालवू नका. ज्या रुग्णालयात रात्री डॉपलर होतं तिथे फोन करून जा. धाप किंवा छातीत दुखायला लागलं तर १०८.

---

नवा_सदस्य | रविवार, रात्री ११.२२

रिक्षात आहोत.